अमिगा ५०० मध्ये अर्धा एमबी कसा बसवायचा

इंग्लंडात रेडिंगजवळ राहत असताना रविवारी सकाळी एका मैदानात जायचो. तिथे लोक गाड्यांच्या डिक्क्या उघडून घरातलं जुनंपानं विकायला बसायचे. आपल्या पुण्यातल्या जुन्या बाजाराचाच गोरा चुलतभाऊ. तिथे चादरीवर पिवळट पडलेला अमिगा ५०० नावाचा एक जुना घरगुती संगणक दिसला, तो उचलला. परत येताना बॅगेत तो आला आणि दोन स्वेटर तिथेच राहिले.

त्याला वाढीव मेमरीचा बोर्ड बसवायला मला दोन रविवार लागले. प्रत्यक्ष बसवणं पाच मिनिटांचं होतं. जे आधी बघायला हवं होतं ते मी नंतर बघत बसलो, त्यात बाकी वेळ गेला. तुमचा तो जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

कमोडोर कंपनीने अमिगा ५०० आणला १९८७ मध्ये. आत मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर, वेग साधारण ७ मेगाहर्ट्झ, मेमरी ५१२ केबी. युरोपात तो घराघरांत होता. आपल्याकडे त्या काळात घरी संगणक असलाच तर स्पेक्ट्रम असायचा. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने १९८६ पासून स्पेक्ट्रम प्लस परवान्याने इथेच बनवला होता. अमिगा मात्र क्वचित कुणाकडे. त्यामुळे आज आपल्या हातात येणारा अमिगा बहुतेक वेळा कुणाच्या तरी सामानातून आलेला असतो, आणि तीस-पस्तीस वर्षांत त्याच्या पोटात कुणी काय उद्योग केले ते सांगायला कुणी नसतं. सगळी गोम इथे आहे.

अर्धा एमबी हवा कशाला? ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून खोक्यावर ‘१ एमबी आवश्यक’ असं छापलेले खेळ येऊ लागले. त्याशिवाय ते सुरूच होत नाहीत. कमोडोरचा स्वतःचा बोर्ड म्हणजे ए५०१. त्यात ५१२ केबी मेमरी आणि बॅटरीवर चालणारं घड्याळ.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे नंतर हिरमोड होणार नाही. ही मेमरी धड इकडची ना तिकडची. अमिगात चित्र आणि आवाजाच्या खास चिपांना जी मेमरी वापरता येते ती ‘चिप’ मेमरी. जी फक्त प्रोसेसरच्या मालकीची, जिथे त्याला कुणासाठी थांबावं लागत नाही, ती ‘फास्ट’. पोटाखालच्या कप्प्यातल्या बोर्डावरची मेमरी चिपांच्याच रस्त्यावर बसते, म्हणून प्रोसेसरला तिथेही ताटकळावं लागतं, आणि चिपांना ती वापरता मात्र येत नाही. जाणकार तिला ‘स्लो’ मेमरी म्हणतात. वेग वाढेल ही आशा सोडा. जे चालत नव्हतं ते चालू लागेल, एवढंच.

१. मशीन कोणतं ते नक्की करा

वरच्या नावावर विश्वास ठेवू नका. १९९१ मध्ये अमिगा ५०० प्लस आला, तेव्हा सुरुवातीचे काही प्लस साध्या ५०० च्याच कवचात विकले गेले. फ्लॉपी न घालता मशीन चालू करा. पांढऱ्या पडद्यावर हातात फ्लॉपी धरलेलं चित्र दिसलं, तर किकस्टार्ट (मशीनच्या रॉम चिपमधली सुरुवातीची प्रणाली) १.२ किंवा १.३, म्हणजे बहुधा साधा ५००. फ्लॉपी सरकत ड्राइव्हमध्ये जाण्याचं हलतं चित्र दिसलं, तर किकस्टार्ट २.०४, म्हणजे बहुधा प्लस. दोन्ही ठिकाणी ‘बहुधा’ म्हणतोय, कारण रॉम बदलणारे हौशी लोक तेव्हाही होते.

प्लस निघाला तर आधी बॅटरीकडे बघा. प्लसमध्ये ती मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेली आहे आणि या वयात ती गळलेलीच असते. साध्या ५०० च्या मुख्य बोर्डावर बॅटरी नसते. असली तर ती पोटातल्या मेमरी बोर्डावर. प्लसला मेमरीही आधीच १ एमबी असते, म्हणजे तुम्हाला कदाचित या लेखाची गरजच नाही.

२. बोर्ड निवडताना

तीन वाटा आहेत. मूळ जुना ए५०१, त्या काळातल्या इतर कंपन्यांचे बोर्ड, किंवा आजकाल हौशी लोक बनवतात तो नवा ५१२ केबीचा छोटा बोर्ड. पहिल्यांदाच करत असाल तर नवा घ्या. जुन्यात आकर्षण आहे हे मान्य, पण त्याच्याबरोबर त्याची बॅटरीही येते.

जाहिरातीत दीड किंवा पावणेदोन एमबी असं लिहिलेलं बघून भुलू नका. पोटाखालच्या कप्प्यात ५१२ केबीपेक्षा जास्त मेमरीचे जे जुने बोर्ड बसतात, त्यांना सहसा मुख्य बोर्डावरच्या गॅरी नावाच्या चिपखाली एक जोडपट्टी बसवावी लागते. ती पट्टी हरवलेलीच असते. विकणाऱ्याला विचारा, फोटो मागा.

मी पहिला बोर्ड असाच जुना घेतला. फोटोत वरचं चकचकीत पत्र्याचं कवच दिसत होतं. घरी येऊन कवच उघडलं तर बॅटरीच्या भोवती तांब्याच्या भांड्याला चढतो तसा निळसर-हिरवा कळंक, आणि बोर्डावरच्या चार रेषा खाऊन गायब. कवचाच्या आतला फोटो मागितल्याशिवाय जुना ए५०१ घ्यायचा नाही, हा धडा तिथे मिळाला.

३. सामान

टी-१० टॉर्क्स स्क्रू-ड्रायव्हर, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीचा. कमोडोरचे मूळ स्क्रू त्याचेच. आधी कुणी उघडलं असेल तर काही स्क्रू साध्या फुलीचे निघतील, म्हणून तोही जवळ ठेवा.

मल्टिमीटर. स्वस्तातला चालेल, पण पाहिजेच.

आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना दातांचा ब्रश, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत यातलं बरंचसं मिळतं. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड सांगायला नको.

जुना बोर्ड असेल तर थोडं पांढरं व्हिनेगर आणि लहान कटर. शिवाय जाड टॉवेल, टॉर्च, स्क्रूंसाठी बर्फाचा ट्रे आणि फोटो काढायला फोन. ट्रेच्या प्रत्येक खणात एका जागचे स्क्रू टाका. आमच्या घरी त्या ट्रेवर आता ‘फ्रिजमध्ये ठेवू नये’ असं लिहिलेलं आहे.

४. वीजपुरवठा आधी, बोर्ड नंतर

हे सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम. अमिगाचा वीजपुरवठा विटेसारख्या दिसणाऱ्या वेगळ्या डब्यात असतो. जुनी जड वीट ५ व्होल्टवर चार-साडेचार अँपिअर देते, नंतरच्या हलक्या विटेवर ३ अँपिअर लिहिलेलं असतं. अर्ध्या एमबीसाठी हलकीही चालते, पण ती म्हातारी झाली असेल तर वाढीव बोर्ड जोडल्यावर व्होल्टेज खाली बसतं, आणि मग मशीन मधूनच गोठतं. तुम्ही दोष बोर्डाला देता.

ब्रिटिश विटेवर २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेलं असेल. आपल्या २३० वर ती बिनघोर चालते. प्लग मात्र तिकडचा चौकोनी तीन पायांचा. तो कापून आपला लावणार असाल तर त्यात एक फ्यूज असतो आणि तोही तुम्ही कापून टाकताय, हे लक्षात ठेवा. मी चांगला ॲडाप्टर वापरतो.

मोजायचं कुठे? कवच उघडल्यावर (ते पुढच्या पायरीत) फ्लॉपी ड्राइव्हच्या मागे चार तारांचा छोटा प्लग दिसेल. मधल्या दोन तारा जमिनीच्या (ग्राउंड), कडेच्या एकीवर ५ व्होल्ट, दुसरीवर १२. मल्टिमीटरचं काळं टोक मधल्या तारेला, लाल कडेच्या तारेला. मशीन चालू असताना ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५ यांच्यामध्ये आकडा हवा. माझ्याकडे ४.८८ आला, तेवढ्यावर मी पुढे गेलो. ५.२५ च्या वर दिसला तर लगेच बंद करा. ती वीट पुन्हा लावायची नाही. एकमेकांशेजारच्या दोन तारांना मीटरचं टोक एकदम टेकू देऊ नका. हे वाचायला सोपं वाटतं, करताना हात थरथरतो.

५. उघडा, गरज नसली तरी

खरं तर मेमरी बोर्डासाठी कवच उघडावं लागत नाही. पोटाखाली एक प्लास्टिकचं झाकण आहे, ते नाण्याने उचकटलं की झालं. तरीही पहिल्या वेळी उघडाच, असं माझं मत आहे. आत झुरळाची अंडी, सुटा स्क्रू, आधीच्या मालकाने टाकलेली एखादी रहस्यमय तार, हे बोर्ड बसवण्याआधी कळलेलं बरं.

प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. नळाला किंवा खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. पावसाळ्यात फारशी भीती नसते, पण जानेवारीतल्या कोरड्या हवेत लोकरी स्वेटर घालून हे काम करू नका.

मशीन टॉवेलवर पालथं ठेवा. खालचे सहा स्क्रू काढा. एखाद्यावर वॉरंटीचा कागद चिकटवलेला असेल. कमोडोर १९९४ मध्येच दिवाळखोरीत गेली, तेव्हा तो कागद बिनधास्त फाडा. आता वरचं आणि खालचं कवच एकत्र धरून मशीन सरळ करा आणि वरचं कवच सावकाश उचला.

कीबोर्ड नुसता ठेवलेला असतो, पण तारांच्या एका प्लगने मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. प्लग काढण्याआधी फोटो काढा. परत लावताना तो एक पिन सरकून बसू शकतो. कीबोर्डाखाली पत्र्याचं मोठं आवरण आहे, ते स्क्रू आणि पिळलेल्या पत्र्याच्या जिभांनी धरलेलं असतं. त्या जिभा दोन-तीनदा वाकवल्या की तुटतात. आज पत्रा काढायचं कारण नसेल तर राहू द्या.

६. जुना बोर्ड असेल तर बॅटरी

बॅटरी गळलेली नसली तरी काढून टाका. निकेल-कॅडमियमची ती निळी किंवा हिरवी पिंपं आज ना उद्या गळणारच. कटरने दोन्ही पाय कापा. घड्याळ वेळ विसरेल, मेमरी व्यवस्थित चालेल.

गळली असेल तर आतला द्रव अल्कधर्मी असतो, म्हणून त्यावर उपाय आंबट. व्हिनेगरमध्ये कापसाची काडी बुडवून चोळा, थोडं फसफसेल. मग साध्या पाण्याने पुसा, मग अल्कोहोलने, आणि एक अख्खा दिवस वाळू द्या. लिंबूही चालतं, पण साखर घातलेलं सरबत नको. हसू नका, असं करून झालेल्या माणसाशी मी बोललोय.

त्या जागी नाण्यासारखा सेल थेट लावू नका. बोर्डावरची जोडणी बॅटरी चार्ज करणारी आहे, आणि तो सेल चार्ज करायचा नसतो. त्यासाठी मध्ये डायोड घालावा लागतो. सोल्डरिंग येत नसेल तर घड्याळाचा मोह सोडा.

७. बसवणं

कीबोर्डाचा प्लग फोटोशी ताडून लावा, वरचं कवच ठेवा आणि मशीन पुन्हा पालथं करा. झाकण काढलेल्या कप्प्यात टॉर्च मारा. आडव्या पिनांच्या दोन रांगा दिसतील, २८-२८, एकूण ५६. सगळ्या सरळ आहेत का बघा. एखादी वाकली असेल तर बारीक चिमट्याने एका दमात सरळ करा. मागेपुढे करत बसलात तर मोडेल. पिना काळवंडल्या असतील तर अल्कोहोल आणि ब्रश.

बोर्ड कप्प्यात सपाट ठेवा, त्याचा कनेक्टर पिनांसमोर आणा आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन टोकांवर सारखा जोर देत आडवा सरकवा. घाई इथेच होते. माझ्या भाच्याने टॉर्च धरला होता. मी जोर लावला, बोर्ड छान बसला, आणि तो म्हणाला, “मामा, त्या कोपऱ्यात एक पिन उघडी दिसतेय.” खरंच दिसत होती. बोर्ड एका खणाने बाजूला सरकून बसला होता, आणि जोर लावताना हाताला काहीही वेगळं जाणवलं नव्हतं. असं वीज दिली असती तर पाच व्होल्ट भलत्याच पिनेला गेले असते. म्हणून बसवल्यावर दोन्ही टोकांना वाकून बघा, कुठेही उघडी पिन नको आणि रिकामं भोकही नको. जमलं तर दुसऱ्या कुणाला बघायला लावा. आपले डोळे आपल्याला हवं तेच बघतात.

आणि बोर्डावर बारीक खटका आहे का ते आत्ताच बघून ठेवा. याचं कारण पुढे येतंय.

८. पहिल्यांदा चालू करताना

चालू केल्यावर पडदा गडद राखाडी, मग फिकट राखाडी, मग पांढरा होतो, आणि मग हाताचं चित्र. असं झालं तर गंगेत घोडं न्हालं. रंग मध्येच थांबला तर त्याचा अर्थ असा: लाल म्हणजे रॉममध्ये गडबड, हिरवा म्हणजे चिप मेमरीत, निळा म्हणजे खास चिपांमध्ये, पिवळा म्हणजे प्रोसेसरने मध्येच हात टेकले.

इथे आपल्याकडच्यांसाठी एक खास सापळा आहे. अमिगा ५०० च्या मागे टीव्हीची पिवळी तार लावायची जी एक गोल जागा आहे, त्यातून येणारं चित्र कृष्णधवल असतं. आपला टीव्ही पाल पद्धत ओळखतो, त्यामुळे चित्र झकास उमटतं, पण लाल पडदा आणि हिरवा पडदा दोन्ही राखाडीच दिसतात! रंगासाठी मागच्या २३ पिनांच्या जागेतून आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगवेगळे, घ्यावं लागतं. युरोपातल्या टीव्हीला ते स्कार्ट तारेने थेट जायचं, आपल्या टीव्हीला स्कार्टची जागाच नसते, म्हणून मध्ये परिवर्तक लागतो. तो नसेल तर कॅप्स लॉकच्या दिव्याकडे लक्ष ठेवा. तो ठरावीक वेळा लुकलुकत राहिला तर तक्रार कीबोर्डाची आहे, मेमरीची नाही.

पडदा हिरवा किंवा काळाच राहिला तर वीज काढा, बोर्ड काढा, बोर्डाशिवाय चालू करा. चाललं तर बोर्ड पुन्हा बसवून बघा. बोर्डाशिवायही चाललं नाही आणि पत्रा काढायची तयारी असेल, तर ॲग्नस ही चौकोनी, ८४ पायांची चिप तिच्या खोबणीत अंगठ्याने सरळ खाली दाबा. तिथले संपर्क वर्षानुवर्षांत ढिले होतात. वीज बंद असताना, हे वेगळं सांगायला नको.

९. मोजून बघा

वर्कबेंच १.३ ची, म्हणजे अमिगाच्या डेस्कटॉपची, फ्लॉपी घाला. वरच्या पट्टीवर मोकळ्या मेमरीचा आकडा दिसतो. बोर्ड ओळखला गेला असेल तर तो नऊ लाखांच्या आसपास असतो. चार लाखांच्या घरात असेल तर बोर्ड मशीनला दिसतच नाहीये.

मला चार लाख दिसत होते. काढून तीनदा बसवला, पिना घासल्या, वीट बदलली. शेवटी बोर्डाच्या कडेला तांदळाएवढा काळा खटका सापडला. त्या काळात काही खेळ वाढीव मेमरी असली की रुसायचे, म्हणून कंपन्या बोर्ड बंद करायचा खटका द्यायच्या. आधीच्या मालकाने तो बंद ठेवला होता, आणि मी दीड तास त्याच्याशेजारची धूळ साफ करत होतो.

शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘अव्हेल’ (avail) ही आज्ञा दिली की चिप आणि फास्ट असे वेगळे आकडे येतात. आपला अर्धा एमबी तिथे फास्टच्या ओळीत दिसेल. ते सरकारी कागदावरच्या पदासारखं समजा, वेग स्लोचाच.

आकडा बरोबर आला म्हणजे प्रत्येक कोपरा धड आहे असं नाही. खेळ मध्येच मोडून काळ्या पडद्यावर लाल चौकटीत ‘गुरू मेडिटेशन’ ही मशीन कोलमडल्याची सूचना येऊ लागली, तर मेमरी तपासा. त्यासाठी अमिगा टेस्ट किट नावाचं मोफत साधन आहे, ते फ्लॉपीवरून थेट सुरू होतं. फक्त अमिगाची ८८० केबीची फ्लॉपी साध्या पीसीच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. म्हणून बरेच जण फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्ह घेणारा गोटेक बसवतात. त्याची कहाणी वेगळी.

या अर्ध्या एमबीला चिप मेमरी बनवता येतं, हे वाचून तुमचे हात शिवशिवतील. त्यासाठी ॲग्नसचा क्रमांक ८३७२ए असावा लागतो आणि मुख्य बोर्डावरचे सोल्डरचे सांधे बदलावे लागतात. पहिल्या दिवशी ते करू नका. एक महिना मशीन नीट चालू द्या.

१०. बंद करताना

घड्याळाचा सेल असलेला बोर्ड असेल तर तारीख-वेळ लावून ‘सेटक्लॉक’ आज्ञेने ती बोर्डावर साठवा. सहा स्क्रू आधी हलकेच, मग घट्ट करा. पिवळं पडलेलं प्लास्टिक ठिसूळ असतं, स्क्रू थांबला की तुम्हीही थांबा.

मग कागदाच्या एका चिठ्ठीवर लिहा: आजची तारीख, कोणता बोर्ड, बॅटरी काढली की नाही, खटका कुठल्या बाजूला चालू, ५ व्होल्टच्या जागी किती आकडा आला. ती चिठ्ठी पोटाखालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. माझ्या चिठ्ठीवर ‘४.८८, खटका डावीकडे, भाच्याने पिना मोजल्या’ असं लिहिलंय.